पालकांच्या फीची गोपनीय माहिती फोनवर मागितल्याबद्दल आणि खातरजमा केली म्हणून सेटलमेंट रोखल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
फी-वसुली ॲप सेवा विभाग

महोदय / महोदया,

बाणेर, पुणे येथे मी पाळणाघर चालवते. पालकांची फी आपल्या ॲपमधून भरली जाते, पावती तिथूनच निघते आणि जमा रक्कम माझ्या बँक खात्यात येते (यालाच आपण सेटलमेंट म्हणता). या सेवेचे शुल्क मी नियमित भरते. ग्राहक या नात्याने ही लेखी तक्रार करत आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी, मुलांची झोपायची वेळ असताना, एका साध्या मोबाइल नंबरवरून फोन आला. बोलणाऱ्या मुलाने आपल्या कंपनीचे नाव सांगितले आणि थेट मुद्द्यावर आला : "मॅडम, हिशोब जुळत नाहीये. सगळ्या पालकांची नावं, मोबाइल नंबर, कोणत्या खात्यातून किंवा युपीआयवरून फी येते, आणि कोणाची फी त्यांची कंपनी भरते, एवढी एक्सेल शीट व्हॉट्सॲपवर टाका. संध्याकाळपर्यंत नाही आली तर सेटलमेंट होल्डवर जाईल." मी नाव आणि कर्मचारी क्रमांक विचारला. नाव सांगितले, क्रमांक सांगितला नाही. विश्वास बसावा म्हणून त्याने एका पालकांचे नाव आणि त्यांच्या शेवटच्या पावतीची रक्कम वाचून दाखवली. दोन्ही बरोबर होते.

मी शीट पाठवली नाही. करारावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करून विचारते, असे सांगून फोन ठेवला. पावतीची रक्कम माहीत असणे म्हणजे माणूस खरा, असे मी धरू शकत नाही. माहिती कुठून ना कुठून फुटलेली असली की भामट्यालाही ती पाठ असते. ट्रूकॉलरवर दिसणारे नाव आणि व्हॉट्सॲपच्या डीपीवरचा लोगो कोणालाही लावता येतो. वर 'आजच्या आज करा, नाहीतर पैसे अडकतील' हा घायकुतीचा सूर, तो तर फसवणुकीच्या फोनचा नेहमीचाच.

मग आपल्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर ज्या ताई बोलल्या, त्यांनी सांगितले की असा फोन कंपनीकडून गेला की नाही, हे त्यांना बघता येत नाही. "तुम्हीच त्या नंबरवर परत फोन करून विचारा," असा सल्ला मिळाला. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच विचारायचे, तर खातरजमा ती कसली? अखेर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू' सुविधेवर मी तो नंबर संशयित म्हणून नोंदवला.

दुसऱ्या दिवशी आपली ईमेल आली : 'पडताळणीस सहकार्य न केल्याने सेटलमेंट तात्पुरते थांबवण्यात येत आहे.' आमच्या भागाच्या रिलेशनशिप मॅनेजरनी नंतर कबूल केले की तो मुलगा खरोखरच आपल्या टीमचा होता.

माझी मूळ तक्रार हीच आहे. खरा फोन आणि खोटा फोन यांत फरक करता येईल अशी एकही खूण आपण ठेवलेली नाही, आणि मी फरक करायला गेले तर भुर्दंड मला. महिन्याची सुरुवात आहे. मावशींचे पगार आणि जागेचे भाडे याच रकमेतून जाते. पुढच्या वेळी पैसे अडकायला नकोत म्हणून एखादी पाळणाघरवाली निमूटपणे शीट पाठवून देईल, आणि तेव्हा समोर आपला माणूस असेलच असे नाही.

एक्सेल शीटच तर आहे, असे आपल्या कार्यालयात वाटत असेल, म्हणून सविस्तर लिहिते. फी अर्ध्या दिवसाची की पूर्ण दिवसाची, यावरून मूल किती वाजता घरी जाते ते कळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१७ पासून पाळणाघराची सोय करावी लागते. त्यामुळे आमच्याकडच्या काही मुलांची फी आई-वडिलांची कंपनी भरते, म्हणजे शीटमधून नोकरीचे ठिकाणही उघड. एका आईने तर प्रवेश घेतानाच लिहून दिले आहे की फी कोण भरते आणि मूल कुठे असते, हे तिच्याशिवाय कोणालाही सांगू नये. मुलाच्या ताब्याचा दावा कोर्टात चालू आहे. तिच्या नावापुढचा तो एक रकाना कोणाच्या हाती पडला तर काय होईल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. हे पालक माझ्या शब्दावर माहिती देतात.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, पण त्याची वाट बघत व्हॉट्सॲपवर याद्या मागवत राहावे असा त्याचा अर्थ होत नाही. बँका आणि वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी वेगळी मालिका आहे, ती नेमकी लोकांना खरा फोन ओळखता यावा म्हणूनच. आपल्याला ती मालिका लागू असो वा नसो, एक कायमचा, करारात लिहिलेला नंबर ठेवायला काय अडचण आहे? शिवाय फी आपल्याच ॲपमधून जाते. मग तीच माहिती माझ्याकडे मागण्याची गरज का पडली, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

माझी अडवलेली रक्कम ताबडतोब सोडावी आणि 'असहकार्य' हा शेरा माझ्या खात्यावरून काढून तसे लेखी कळवावे. पालकांची कोणतीही माहिती हवी असेल तर मागणी ॲपमध्ये लॉग-इन केल्यावर दिसावी, कारणासह आणि संदर्भ क्रमांकासह. फोन फक्त 'ॲप बघा' एवढे सांगायला यावा. तो संदर्भ क्रमांक हेल्पलाइनवरच्या माणसालाही दिसला पाहिजे, म्हणजे मी विचारल्यावर हो किंवा नाही असे उत्तर मिळेल. आणि खातरजमा होईपर्यंत कोणाचेही सेटलमेंट थांबवले जाणार नाही, हे आपल्या सर्व पाळणाघरांना लेखी कळवावे. माझ्याशी बोललेल्या मुलावर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही; त्याला जे सांगितले होते तेच त्याने केले.

फोन आलेला नंबर, कॉलची वेळ, आपली ईमेल आणि चक्षूवरील नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. लेखी उत्तर १५ दिवसांत न मिळाल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन. या प्रकाराची माहिती माझ्याकडच्या सर्व पालकांना मी आजच देत आहे, कारण माहिती त्यांची आहे.

आपली ग्राहक,
पाळणाघर संचालिका
बाणेर, पुणे