हिरव्या थराचे फोटो

ट्रिअर, जर्मनी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोबत जुन्या रोमन नाण्यांचे काही प्रिंट पाठवतेय. आईला आधीच सांगून ठेवा, ही नाणी चिंच लावून लख्ख करायची नसतात. त्यांच्यावर चढलेल्या हिरव्या थरासाठीच तर इथले लोक जास्त पैसे मोजतात.

नाणी आमच्या घरमालकांची. फोटोग्राफरची मुलगी म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला प्रिंट सेस्टर्शियस या पितळी रोमन नाण्याचा, आपल्या जुन्या रुपयापेक्षा चांगलाच मोठा. त्यावरचा थर गुळगुळीत, गडद हिरवा, चकाकणारा. ही चकाकीच त्रास देते. पोलरायझर लावला की प्रतिबिंब जातं, पण थराचा जिवंतपणाही जातो. शेवटी तुमचंच तंत्र वापरलं: एकच दिवा, नाण्यावरच्या सम्राटाच्या डोक्याकडून, मध्ये ट्रेसिंग पेपर. नाकाखाली सावली पडली आणि चेहरा उठून आला.

डिनेरियस या चांदीच्या रोमन नाण्याला मात्र हे चालत नाही. त्याच्यावर ४५ अंशांत साधी काच धरायची, दिवा बाजूने काचेवर मारायचा. उजेड तिथून सरळ खाली नाण्यावर पडतो आणि कॅमेरा काचेतूनच बघतो. जुन्या चांदीवरची निळसर-सोनेरी झाक तेव्हाच दिसते. हिरव्या नाण्याला असाच उजेड दिला तर ते मेल्यासारखं सपाट दिसतं.

तिसरं सिरियाकडचं. खाचांत फिकट माती घट्ट बसलेली, वर आलेला चेहरा काळपट. दिसतं सुंदर, पण हल्ली अशी माती चिकटवूनही विकतात, म्हणून कडेचा वेगळा क्लोजअप घेतला. रंग खरा यावा म्हणून प्रत्येक वेळी आधी ग्रे कार्डचा फोटो घेते. मालकांना वाटतं हिरवा जरा वाढवावा. मी वाढवत नाही.

चौथं पिवळंच आहे. इथे मोझेल नदीवर रोमन पुलाचे दगडी खांब अजून उभे आहेत आणि त्याच्या आसपास पात्रात हजारो नाणी सापडली. गाळात हवा पोचत नाही, त्यामुळे नदीतल्या कितीतरी नाण्यांवर हिरवं चढतच नाही. मला हेच आवडलं, मालकांना सगळ्यात कमी.

एका नाण्याचा प्रिंट पाठवलेला नाही. त्यावर फिकट हिरवी पूड दिसतेय. क्लोराइड आणि दमट हवा एकत्र आली की धातू आतून खाल्ला जातो. ते वेगळ्या कोरड्या डबीत ठेवलंय. दर महिन्याला त्याच उजेडात फोटो घ्यायचा, म्हणजे पूड वाढतेय का कळेल.

बाबा, एक काम आहे. ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. परवानगी मिळाली तर तिचा फोटो काढाल? काचेत तुमचं प्रतिबिंब येईल, काळा शर्ट घालून जा. आणि माळ्यावरची बेलोज (कॅमेऱ्याला लावायचा, जवळून फोटो काढायचा भाता) कुणी इकडे येणार असेल त्याच्याबरोबर पाठवा.

आईला नमस्कार, दादाला आठवण.

तुमची,
मनू