चि. सानिकास : दोन कॅमेऱ्यांविषयी

चि. सानिका हिस,
अनेक आशीर्वाद.

सोनी ए६४०० आणि फुजीफिल्म एक्स-एस१० या दोन कॅमेऱ्यांची तू केलेली तुलना मी सावकाश वाचली आणि सोबत पाठवलेले नाटकाच्या तालमीचे फोटोही मोठ्या पडद्यावर उघडून पाहिले. तुझा कल एक्स-एस१०कडे आहे आणि त्याचे कारण तू एका ओळीत दिले आहेस : त्याच्या बॉडीतच, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यातच, हाताचा कंप सावरणारे स्टॅबिलायझेशन आहे, ए६४००च्या बॉडीत ते नाही, आणि तुझे फोटो हलतात. कारण वरवर पटण्याजोगे आहे. पण ते फोटो पाहिल्यावर माझे मत दुसऱ्या बाजूला झुकले, आणि ते का झुकले हे तुला नीट कळावे म्हणून हे पत्र जरा लांबवते आहे.

हात उंचावून बोलणाऱ्या नटाचा फोटो पुन्हा उघड. त्याच्यामागच्या लाकडी चौकटीच्या कडा स्वच्छ आल्या आहेत आणि शेजारच्या खुर्चीच्या पाठीची वीणसुद्धा मोजता येते. पुसट झाला आहे तो फक्त त्याचा हात, आणि थोडासा चेहरा. कॅमेरा हलला असता, तर चौकट आणि खुर्चीही त्याच्याबरोबर हलली असती. तुझा हात स्थिर होता, नट हलत होता. स्टॅबिलायझेशनमध्ये प्रकाश टिपणारा सेन्सर तुझ्या हाताच्या कंपाच्या उलट दिशेने सरकतो आणि तेवढाच कंप पुसून टाकतो. एक्स-एस१०साठी कंपनी सहा स्टॉपपर्यंतच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) फायद्याचा दावा करते आणि स्थिर वस्तूंच्या बाबतीत तो फायदा मोठाच आहे. रात्रीची रिकामी गल्ली तू तिपाईवाचून अर्ध्या सेकंदाला टिपू शकशील. पण समोरच्या माणसाचा हात थांबवणे कोणत्याही स्टॅबिलायझेशनच्या आवाक्यातले नाही. त्याला शटरचा वेगच लागतो.

तो वेग तुला का मिळाला नाही, हे फोटोसोबतच्या माहितीत लिहिलेलेच आहे : शटर १/३० सेकंद, लेन्सचे छिद्र एफ/५.६ (आकडा लहान तितके छिद्र मोठे), आणि प्रकाशाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ३२००. बोलताना हातवारे करणारा माणूस बऱ्यापैकी रेखीव यायचा असेल, तर निदान १/२५० सेकंद हवा, म्हणजे तीन स्टॉप जादा प्रकाश हवा. त्याच लेन्सवर तो मिळवायचा, तर आयएसओ २५६०० करावा लागेल आणि चेहऱ्यावरचे सगळे तपशील दाण्यांत हरवतील. याउलट एफ/१.४ची लेन्स लावलीस, तर एफ/५.६च्या तुलनेत चार स्टॉप, म्हणजे सोळापट प्रकाश आत येतो. तीन स्टॉप शटरच्या वेगासाठी खर्ची घातले तरी एक उरतो, आणि तोच फोटो १/२५० सेकंदाला, आयएसओ १६००वर निघतो. हा फरक दोन्ही बॉडींना सारखाच लागू आहे. म्हणून बॉडीचा विचार बाजूला ठेवून आधी अशा एका लेन्ससाठी पैसे राखून ठेवावेत आणि उरलेल्या रकमेत बॉडी बसवावी, असे मला वाटते. बॉडीसोबत मिळणारी साधी किट लेन्स दिवसाउजेडी उत्तम काम देते. पण तालमीच्या खोलीत झूम केलेस की तिचे छिद्र एफ/५.६पाशीच अडकते, मग तिच्यामागे कोणतीही बॉडी असो.

सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिमीच्या एफ/१.४ लेन्स या कामासाठी मला सर्वांत योग्य वाटतात. २०१६ ते २०१८ या काळात त्या सोनीच्या ई-माउंटसाठी (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायचा जोड) आल्या आणि फुजीफिल्मच्या एक्स-माउंटसाठी २०२२मध्ये. ३० आणि ५६ मिमीच्या लेन्सचे वजन तीनशे ग्रॅमच्या आत आहे. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या ‘पूर्ण फ्रेम’हून लहान, असल्यामुळे ३० मिमी तुला पूर्ण फ्रेमवरच्या ४५ मिमीसारखी दिसेल आणि ५६ मिमी ८४ मिमीसारखी. पहिलीत दोन-तीन नट आणि त्यांच्यामधली जागा मावते. दुसरी एकाच चेहऱ्यावर जाऊन थांबते. तुझे आवडते फोटो मी पुन्हा पाहिले, त्यांतले बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत.

इथूनच बॉडीचा निर्णय सुरू होतो. लेन्सचे छिद्र मोठे झाले, की रेखीव दिसणाऱ्या भागाची खोली घटते. ५६ मिमीची लेन्स एफ/१.४वर ठेवून तीन मीटरवरच्या नटाचा फोटो काढलास, तर पुढेमागे मिळून साधारण १६ सेंटिमीटरचाच भाग रेखीव येतो. दोन मीटरवर तो जेमतेम सात सेंटिमीटर उरतो. नटाने बोलता बोलता अर्धे पाऊल पुढे टाकले, की डोळे त्या पट्ट्याबाहेर गेले. हाताने हा फोकस धरून ठेवणे जवळजवळ अशक्य आहे. तेव्हा तुझ्यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांमधला कळीचा फरक हाच ठरतो, की हलणाऱ्या डोळ्याला कोणता कॅमेरा अधिक चिकाटीने धरून ठेवतो.

तू दोन्हींपुढे ‘४२५ फोकस बिंदू’ असे लिहून त्यांची बरोबरी केली आहेस. आकडा बरोबर आहे, बरोबरी नाही. नट तुझ्याकडे पाहत असताना दोन्ही कॅमेरे डोळा ओळखतात आणि एक्स-एस१० त्यात फारसा मागे पडत नाही. नट पाठ फिरवतो, दुसऱ्याच्या आडून जातो, खाली वाकून काहीतरी उचलतो, तेव्हा फरक दिसू लागतो. ए६४०० डोळा दिसेनासा झाला की चेहऱ्यावर, चेहरा गेला की डोक्याच्या आणि कपड्यांच्या आकार-रंगावर आणि अंतरावर पकड ठेवतो, आणि तो माणूस पुन्हा वळला की आपणहून डोळ्यावर परततो. छोटी चौकट त्याच्या अंगाला चिकटल्यासारखी पडद्यावर फिरत राहते. एक्स-एस१० अशा वेळी पुष्कळदा नटामागच्या पार्श्वभूमीवर फोकस नेतो आणि चेहरा परत शोधायला क्षणभर घेतो. नाटकात नेमका तोच क्षण तुला हवा असतो.

म्हणून माझे मत ए६४०० आणि एक एफ/१.४ची लेन्स असे आहे. हे लिहिताना एक्स-एस१०वर अन्याय होऊ नये, अशी माझी इच्छा आहे, कारण निव्वळ कॅमेरा म्हणून तोच अधिक विचारपूर्वक घडवलेला आहे. त्याची पकड खोल आहे आणि पुढे व मागे अशी दोन चाके असल्यामुळे छिद्र आणि शटर दोन बोटांनी एकाच वेळी बदलता येतात; ए६४००ला पुढचे चाक नाही, तो पातळ आहे आणि लेन्स जड झाली की करंगळीला टेकायला जागा उरत नाही. त्याचा मेनू लांबलचक आहे आणि स्पर्शाने चालत नाही. फुजीफिल्मचे रंग तर मला मनापासून आवडतात. क्लासिक क्रोम, अ‍ॅस्टिया, अ‍ॅक्रोस अशी अठरा फिल्म सिम्युलेशन, म्हणजे फिल्मसारख्या तयार रंगछटा, त्यात आहेत आणि संगणकावर काहीही न करता थेट जेपेगमध्ये त्वचेचा रंग सुंदर उतरतो. मात्र तू सगळे फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, काढतेस आणि एकेका फोटोवर स्वतः काम करतेस, त्यामुळे हा लाभ तुझ्या वाट्याला अर्धाच येईल.

आवाजाचा मुद्दा तू लिहिला नाहीस, पण प्रयोगात तो येणारच. ए६४००चे यांत्रिक शटर शांत सभागृहात ऐकू जाते. दोन्ही कॅमेऱ्यांत निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर आहे, पण त्यात सेन्सर एकेक ओळ करून वाचला जातो आणि ए६४००चा सेन्सर ते काम सावकाश करतो. झपकन फिरलेला हात त्यामुळे वाकडा येऊ शकतो. एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे पडण्याचा धोका दोन्हींना आहे. एकूण निःशब्द शटरच्या बाबतीत एक्स-एस१० निश्चित सरस आहे. तालमीत यांत्रिक शटर वापरावे आणि प्रयोगात निःशब्द शटर केवळ संथ प्रसंगांपुरते ठेवावे, हा मार्ग मला पुरेसा वाटतो, कारण तुझे खरे काम तालमीतच चालते.

व्हिडिओविषयी तुझ्या पत्रात एकच वाक्य आहे आणि तेही तिपाईवर बसवून घ्यायच्या मुलाखतींबद्दल. तेवढ्यासाठी ए६४०० चालेल. त्याचा पडदा वरच्या बाजूला उलटतो, त्यामुळे वर मायक्रोफोन बसवला की पडदा झाकला जातो. पण तू कॅमेऱ्यामागे उभी असशील तर त्याची अडचण नाही. उद्या नटांमागे चालत चित्रण करण्याचा विचार पक्का झाला, तर मात्र माझा सगळा युक्तिवाद उलटतो आणि तू निःशंकपणे एक्स-एस१० घ्यावास. चालताना बॉडीतले स्टॅबिलायझेशन खरोखर कामी येते, आणि त्याचा पडदा बाजूला उघडून हवा तसा फिरतो. हे आत्ताच स्वतःशी ठरव.

बाकीचे फरक तुझ्या यादीत आहेत त्यापेक्षा लहान आहेत. २४.२ आणि २६.१ मेगापिक्सेल म्हणजे रुंदीत ६००० आणि ६२४० पिक्सेल. हा चार टक्क्यांचा फरक भिंतीवर लावलेल्या फोटोतही कुणाला दिसणार नाही. ए६४००ची बॅटरी क्षमतेने लहान असूनही पडदा वापरून प्रमाणित चाचणीत सुमारे ४१० फोटो देते, एक्स-एस१०ची ३२५. कोणताही घेतलास तरी दुसरी बॅटरी लागेलच. ए६४००ला धूळ आणि ओलाव्यापासून थोडे संरक्षण आहे, एक्स-एस१०ला ते नाही. पुढे कधी पूर्ण फ्रेमचा कॅमेरा घ्यावासा वाटला, तर ई-माउंट तोच राहतो. या लेन्स तिथे लागतील, पण सेन्सरचा मधलाच भाग वापरला जाऊन पिक्सेल निम्म्याहून कमी होतील, तेव्हा या कारणाला फार महत्त्व देऊ नकोस.

दोन्ही कंपन्यांनी २०२३मध्ये नवे कॅमेरे आणले, ए६७०० आणि एक्स-एस२०, त्यामुळे तुझ्या यादीतले दोन्ही वापरलेल्या स्थितीत सापडण्याची शक्यता चांगली आहे. तसा घेणार असशील, तर लेन्स एफ/१६वर ठेवून कोऱ्या भिंतीचा फोकस नसलेला फोटो काढ आणि तो मोठा करून डाग शोध. लेन्स जिथे बसते त्या धातूच्या कड्याचे स्क्रू पाहा. त्यांचे खाचे झिजलेले असतील तर कॅमेरा कुणीतरी उघडलेला आहे, आणि तो घेऊ नकोस.

पैसे देण्याआधी दोन्ही कॅमेरे एकदा हातात घे, शक्यतो एफ/१.४ची लेन्स लावून आणि मंद उजेडात. सोबत कुणालातरी घेऊन जा, त्याला तुझ्यासमोर बोलत फिरायला सांग, मध्येच पाठ फिरवून परत वळायला सांग, आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर १/२५० सेकंदाला सलग फोटो घे. मग डोळ्यांवर मोठे करून रेखीव किती आले ते मोज. मी लिहिले आहे त्याच्या उलट निकाल आला, तर तुझ्या निकालाप्रमाणे घे आणि ते फोटो मलाही पाठव.

तुझी,
आई