पगार तासांचा की कामाचा?

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, तू फोनवर विचारलंस, ऐन रिटर्नच्या दिवसांत वेळेवर घरी कशी येतेस? त्याचं उत्तर.

जीएसटीचं २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, १४ तारखेला येतं आणि ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, २० पर्यंत भरायचं असतं. मधले दिवस क्लायंटच्या खरेदीतलं एकेक बिल २बीशी जुळवण्यात जायचे. पुरवठादाराने ते बिल दाखवलंच नसेल तर क्लायंटला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. त्यात कुणी बिल नंबर ‘००४५’ लिहितो, तर कुणी नुसता ‘४५’. या जुळवणीसाठी मी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. आता चहा होईपर्यंत यादी तयार! साहेबांना अजून पत्ता नाही.

मैत्रीण म्हणते, गप्प बस, पगार कामाचा असतो. माझ्या पगारापुरतं ते पटतंही. वाचलेल्या वेळात मी बिलं न दाखवणाऱ्या पुरवठादारांना फोन करते, ते पूर्वी राहूनच जायचं. पण आमचं ऑफिस क्लायंटकडून तासांवर पैसे घेतं. या महिन्याच्या टाइमशीटवर मी न केलेले तास लिहिले, तर ती सरळ चोरी. आणि प्रोग्रामही माझा नाहीच म्हणा. वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेलं मालकाचं, असं १९५७चा कॉपीराइट कायदाच सांगतो.

मग सांगून मोकळी का होत नाही? कंत्राटावरच्या दोन पोरांचं सगळं कामच जुळवणीचं आहे. मी तोंड उघडलं की पहिली गदा त्यांच्यावर.

बाबा, १९८३च्या बँक कराराची गोष्ट तुम्ही दर दिवाळीला सांगता आणि आम्ही जांभया देतो. कर्मचाऱ्यांच्या युनियनने बँकांत हिशेबाची यंत्रं येऊ दिली, पण किती यायची ते ठरवून घेतलं आणि त्यांवर बसणाऱ्यांना वेगळा भत्ता मिळवला. मला आत्ता तीच गोष्ट हवी आहे.

सोमवारी साहेबांना सगळं सांगणार आहे. सोबत एक मागणी: पोरांना काढायचं नाही, न जुळलेली बिलं सोडवायला शिकवायचं. प्रोग्राम तिथे अडतोच, आणि चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर क्लायंटला व्याजासकट भरावं लागतं. तुमच्यामागे युनियन होती, मी एकटी; साहेब हसतीलही.

लेखी देऊ की आधी तोंडी बोलू? बाबा, रविवारी फोनवर सांगा. आई, तू त्यांना भाषण करू देऊ नकोस, फक्त उत्तर द्यायला सांग.

तुमची,
धाकटी