कामाला लागण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, पार्टटाइम काम बघतोय," आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. मनात बरंच होतं, पण फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. काम करू नकोस असं मी म्हणणार नाही. फक्त आधी आठवड्याचा हिशेब मांड आणि मग काम शोध.

आठवड्याचे तास 168. रोजची आठ तास झोप धरली की 56 गेले. वर्ग आणि प्रॅक्टिकल मिळून तुझे 22, आणि निदान तेवढेच तास स्वतःच्या अभ्यासाला हवेत. उरले 68. जेवणखाण, आंघोळ, कपडे, येणं-जाणं यात दिवसाचे पाच तास कुठे जातात कळतही नाही. म्हणजे हातात राहिले 33, आणि त्यातच मित्र, आजारपण, ऐनवेळी आलेलं सबमिशन. यातून कामाला 12 ते 15 तास दे, त्यावर नको. ब्रिटनमध्ये पदवी करणाऱ्या परदेशी मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करू देत नाहीत, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48. पण ती कायद्याने घातलेली हद्द झाली. तेवढं अंगाला झेपेलच असं नाही.

काम आधी विद्यापीठातच विचार. ग्रंथालय, प्रयोगशाळा, विभागाचं ऑफिस. तिथे परीक्षेचं वेळापत्रक काम देणाऱ्यालाही माहीत असतं, त्यामुळे सुट्टी मागताना घसा कोरडा पडत नाही. शिकवणी घेतलीस तर तयारीचा वेळही तासांत धर. एक तास शिकवायला एक तास वाचावंच लागतं. रात्रपाळी मात्र घेऊ नकोस. पैसे जास्त मिळत असले तरी दुसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग बुडतो.

आता माझी गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. दुसऱ्या वर्षाला असताना मी संध्याकाळी एका ठिकाणी हिशेब लिहायला जायची. मालक माझे तास वहीत पेन्सिलीने मांडायचे. शाईचं पेन टेबलावरच असायचं, पण माझ्या नावापुढे पेन्सिल. मला ते कधी खटकलं नाही. परीक्षेसाठी काम सोडलं तेव्हा शेवटच्या महिन्याचे निम्मे तास त्या वहीत नव्हतेच. नीट पाहिलं तर खोडल्याच्या पुसट खुणा दिसत होत्या. माझ्याकडे कागदाचा एक कपटाही नव्हता. त्या पैशांवर परीक्षेची फी भरायची होती, ती मैत्रिणीने भरली. जिना उतरताना मला इतकं रडू आलं होतं की आजही तो जिना आठवतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेव. आलास किती वाजता, निघालास किती वाजता, रोजच्या रोज. ताशी किती मिळणार, पगार कोणत्या तारखेला, परीक्षेच्या आधी रजा किती, हे बोलणं झालं की त्याच दिवशी मेसेज करून "असं ठरलंय ना?" विचार आणि उत्तर जपून ठेव. यात भिडेखातर गप्प बसू नकोस.

काम देण्यासाठीच जो डिपॉझिट किंवा ट्रेनिंगची फी मागतो, त्याच्याकडे फिरकू नकोस. मूळ गुणपत्रिका कुणाच्या हवाली करायची नाही, झेरॉक्स दे. आणि "तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, कमिशन घे" असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हण. तो चोरीचा पैसा असतो, खातं गोठतं आणि पोलीस तुझ्याच दारात येतात. चांगली हुशार मुलं यात अडकतात रे.

एखाद्या महिन्यात मार्क घसरले किंवा सतत झोप येऊ लागली, तर काम सोडताना आमच्या खर्चाचा विचार मनात आणू नकोस. बाबा आणि मी या वर्षाचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. तू कमावलेले तुझ्या पुस्तकांना आणि हौसेला.

वेळापत्रक मांडलंस की त्याचा फोटो पाठव. झोपेचे तास मी आधी मोजणार आहे.

तुझी,
आई