आधी पाणी, मग ॲसिड: कॅनवर मराठीत छापा

महोदय,

इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी परवा घाटकोपरला एलबीएस मार्गालगतच्या एका दुकानात गेलो होतो. तिथल्या पोऱ्याने कॅनमधलं कडक सल्फ्युरिक ॲसिड बादलीत ओतलं आणि त्यावर मग्याने पाणी घालायला निघाला. मी ओरडलो तसा थबकला. मालक म्हणाले, "काका, रोजचंच काम आहे, सवय आहे त्याला." पोराच्या मनगटावर जुने डाग होते, ते या सवयीचेच असणार.

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये माझी नोकरी झाली, म्हणून राहवत नाही. हे ॲसिड पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जड. वरून पाणी ओतलं की ते वरच तरंगतं, दोघं भेटतात तिथे प्रचंड उष्णता निघते, पाणी जागच्या जागी उकळतं आणि ॲसिडसकट तोंडावर उडतं. उलट केलं, म्हणजे भरपूर पाण्यात ॲसिडची बारीक धार सोडून ढवळत राहिलं, तर ते खाली बुडतं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. तरीही बादली चांगलीच तापते, म्हणून मध्ये मध्ये थांबायचं. 'ग्रॅव्हिटी १२५०' (म्हणजे पाण्याच्या सव्वापट जड, बॅटरीत घालायचं पातळ ॲसिड) आणायची घाई असली तरी थांबायचं! चष्मा आणि रबरी हातमोजे तर हवेतच.

काही जण मात्र हाच नियम भलतीकडे लावतात. 'ॲसिडवर पाणी नको' एवढंच डोक्यात राहतं आणि हातावर उडालं तर फडक्याने पुसत बसतात, कोणी खायचा सोडा चोळतो. नियम भांड्यापुरता आहे. अंगावर उडालं की भिजलेला कपडा काढून हात सरळ वाहत्या नळाखाली धरायचा, निदान वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तरी तेच, आणि मग तडक हॉस्पिटल.

किरकोळ विक्रीत घेणाऱ्याची नोंद ठेवा, ओळखपत्र बघा, अठरा वर्षांखालच्यांना देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावलं. योग्यच झालं. पण घेतलेलं ॲसिड पातळ कसं करायचं, हे त्या कॅनवर मराठी-हिंदीत कुठेच नव्हतं. इंग्रजीत बारीक काहीतरी होतं, तेही ओघळांनी खाऊन टाकलेलं. उत्पादकांनी ठळक मराठीत एक ओळ आणि शेजारी चित्र छापावं, आणि तेही ॲसिडचा ओघळ लागून जाणार नाही अशा शाईत.

– एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, विक्रोळी, मुंबई