या आठवड्याचे शब्द – भावना आणि वृत्ती

सगळ्यांना नमस्कार, या आठवड्यात आपण भावना आणि स्वभाव सांगणारे इंग्रजी शब्द घेतोय, रविवारपर्यंत प्रत्येकाने निदान ५ शब्द स्वतःच्या वाक्यात वापरून ग्रुपवर टाका, आणि प्लीज डिक्शनरीतलं वाक्य जसंच्या तसं उचलू नका.

सारखं हॅपी, सॅड, अँग्री यावरच अडकतो आपण. रागाचंच बघा ना, छोट्या गोष्टीने चिडचिड झाली तर इरिटेटेड, अन्याय बघून संताप आला तर इंडिग्नंट, आणि जुना सल मनात धरून बसलाय तो रिझेंटफुल. तिन्हीला अँग्री म्हटलं की नेमकं काय वाटतंय ते कळतच नाही. रिलक्टंट म्हणजे मन नाहीये पण करतोय, इंडिफरंट म्हणजे झालं काय नि न झालं काय, सारखंच.

मला सगळ्यात आवडलेला शब्द नॉस्टॅल्जिया, म्हणजे जुन्या दिवसांच्या आठवणीने वाटणारी हुरहूर. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने तो बनवला, ग्रीकमधले घरी परतणं आणि वेदना हे दोन शब्द जोडून, तेव्हा घरच्या ओढीने येणाऱ्या आजारपणाला तो वापरायचे! असं मूळ कळलं की शब्द विसरत नाही बघा.

आणि एक, 'आय ॲम बोअरिंग' लिहू नका, त्याचा अर्थ मी कंटाळवाणा आहे असा होतो. कंटाळा आलाय तर बोअर्ड. एक्सायटेड-एक्सायटिंगचंही तसंच.

अडलं तर ग्रुपवरच विचारा, चुकलं तरी चालेल.