पोर्टलंड बिलच्या कड्यावरच्या काकांना

आदरणीय काका,

सा. न.

तुमचं नाव कुठे यायला नको, ही ताकीद पाळतोय. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण तुम्ही नसतात तर मी बायको-मुलीला घेऊन त्या पाण्यात शिरलो असतो.

त्या शनिवारी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेमथच्या धक्क्यावर बोट निघायच्या तयारीत होती: पोर्टलंड बिलला, म्हणजे पोर्टलंडच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून पश्चिमेला डार्टमथला जायचं होतं. डिझेल भरलं होतं, थालीपीठं बांधली होती. तुम्ही आलात आणि एवढंच विचारलंत, "उधाण की भांग?" अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी ते उधाण, अष्टमीच्या आसपासची छोटी तो भांग; हर्णैला लहानपणी रोज कानावर पडणारे शब्द! इथे मात्र मी नुसता वाऱ्याचा अंदाज बघितला होता. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, उधाण ऐन भरात. अशा वेळी बिलच्या दक्षिणेला पाणी सात-सात नॉटनं (तासाला सात सागरी मैल) धावतं आणि आमची बोट इंजिनावर जेमतेम पाच गाठते.

मग पाकिटाच्या पाठीवर तुम्ही काढून दाखवलंत: पोर्टलंड अंगठ्यासारखं दक्षिणेला घुसलेलं. त्याच्या दोन्ही अंगांनी बारा तासांतले जवळपास दहा तास पाणी खाली दक्षिणेकडेच ओढतं आणि टोकाशी इंग्लिश खाडीच्या पूर्व-पश्चिम प्रवाहावर आदळतं. तळाशी खडकाचा कट्टा, म्हणून ते तिथेच उसळतं. तीच ती 'रेस'. रेस आणि कडा यांच्यामध्ये शांत पाण्याची एक चिंचोळी पट्टी असते, पण ती मिळते ठरावीक वेळीच, आणि वारा जोराचा असेल तर तीही नाही. मग सरळ काही मैल दक्षिणेला, रेसच्या बाहेरून जायचं. "आठवडाभर थांब," म्हणालात. सुट्टीतला अख्खा आठवडा जाणार म्हणून मी नाराज झालो होतो, ते तुम्हाला दिसलंच असेल. माफ करा.

पुढच्या शनिवारी, भांगाच्या पाण्यावर, पहाटेच निघालो. डोव्हर बंदराच्या भरतीच्या वेळेवरून तुम्ही काढून दिलेली वेळ धरून, पोर्टलंडच्या पूर्व किनाऱ्याला अगदी चिकटून खाली आलो. लॉब्स्टरच्या सापळ्यांचे बोये तुम्ही सांगितले होतेत तसेच निघाले. एक पिवळा बोया ओढीनं अर्धा बुडालेला, दोरी ताठ, मागे पाण्याची रेघ, जणू तोच पोहत चाललाय. लेक नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, बसून "बाबा, डावीकडे!" ओरडत होती. वारा नावालाच होता, तरी बाहेरच्या अंगाला पाणी पांढरं होऊन उभं राहत होतं आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. भांगाला ही गत, तर उधाणाला काय असेल!

आणि मग १९०६ सालच्या त्या लाल-पांढऱ्या दीपगृहापाशी, खडकावर, तुम्ही दिसलात. इतक्या सकाळी गाडी काढून आला होतात. छत्री उंच धरली होतीत. आम्ही इतक्या जवळून वळलो की तुमचा चष्मा चमकलेला दिसला. बायकोला रडू आलं.

डार्टमथला सुखरूप पोचलो. तुमचं पाकीट नकाशाच्या टेबलावर चिकटवलंय. परत येताना पूर्वेला वळायचं, म्हणजे वेळा सगळ्या बदलणार. ते गणित मी मांडलंय. पाठवतो, एकदा नजरेखालून घालाल का?

आपला,
वेमथच्या धक्क्यावरचा शेजारी